क्लेबोर्न काउंटी, मिसिसिपी: दीड दिवसात काय पाहावं आणि काय सोडावं?

रानवाट:
मंडळी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जॅक्सनला उतरून गाडीने नॅचेझला जायचं आहे. मुक्काम नॅचेझलाच. वाटेत आणि दुसऱ्या दिवशी मिळून क्लेबोर्न काउंटीसाठी साधारण दीड दिवस निघतोय. विंडसरचे खांब (जळून गेलेल्या एका मोठ्या घराचे अवशेष) पाहायचे हे पक्कं. बाकी नेटवर जी यादी मिळते ती सगळीकडे तीच: सोनेरी हाताचं चर्च, रणभूमी, ओसाड गाव. नेमकं कुठे थांबावं, कुठून नुसती गाडी पुढे काढावी, हे कळत नाही.

सोबत आई-बाबा आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. सपाट जमिनीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालतात, चढ आणि निसरडं नको. गाडी भाड्याची, साधी सेडान. प्रश्न असे:
१. जॅक्सनहून हायवे ६१ घ्यावा की नॅचेझ ट्रेस पार्कवे?
२. विंडसरला खांबांशिवाय काही पाहण्यासारखं उरलंय का, की फोटो काढून निघायचं?
३. कच्चे रस्ते सेडानला झेपतील का?
४. रॉडनी या ओसाड गावात जाण्यात अर्थ आहे का?

मैलाचा_दगड:
जाताना पार्कवे घ्या, दुसऱ्या दिवशी ६१. उलट केलंत तर पहिल्या दिवशी ट्रकच्या मागे धावाल आणि ट्रेसवरचं काहीच दिसणार नाही.

पार्कवे म्हणजे ‘ट्रेस’ या जुन्या पायवाटेच्या मार्गाने जाणारा रस्ता. त्याचं गणित सोपं आहे. नॅचेझच्या टोकाला शून्य, नॅशव्हिलच्या टोकाला ४४४ मैल. तुम्ही दक्षिणेला येणार, म्हणजे आकडे उतरत जातील. वेगमर्यादा ५० मैल, मालवाहू गाड्यांना बंदी, जाहिरातींचे फलक नाहीत. पेट्रोल पंपही नाही, एकसुद्धा नाही, तेव्हा टाकी क्लिंटनलाच भरा. रेंज अधूनमधून जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

५४.८ वर रॉकी स्प्रिंग्ज. इथे तासभर द्या. १८६० साली या २५ चौरस मैलांच्या टापूत २,६१६ माणसं राहत होती. तिथल्या फलकावर हिशोब मांडलाय: गावात ३ व्यापारी, ४ डॉक्टर, ४ शिक्षक, ३ धर्मोपदेशक, १३ कारागीर, भोवतालच्या शेतांवर ५४ मळेवाले, २८ मुकादम आणि २,००० हून जास्त गुलाम. फलक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण समोर जे उरलंय त्यावरून या आकड्यांचा अंदाज येत नाही. उरलंय ते १८३७ चं विटांचं मेथडिस्ट चर्च, मागे दफनभूमी, झाडीत दोन गंजक्या तिजोऱ्या आणि पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाक्या. आधी यादवी युद्ध, मग १८७८ चा पिवळा ताप, मग कपाशीवरची बोंडकीड, आणि हे सगळं चालू असताना पायाखालून वाहून जाणारी माती. १९३० च्या दशकात शेवटचं दुकान बंद पडलं आणि झराही आटला. चर्चकडे जाणारी वाट थोडी चढाची आहे. आई-बाबांना सावकाश न्या. पाऊस पडून गेला असेल तर त्यांना खालीच बसू द्या, तिथे बाकं आहेत. टाक्यांच्या कडांजवळ कोणीच जाऊ नका.

५२.४ वर ओवेन्स क्रीकचा धबधबा. जोरदार पाऊस होऊन गेला नसेल तर दगडावरून ओघळणारी रेघ दिसेल, बस. पाच मिनिटं.

४५.७ वर ग्राइंडस्टोन फोर्ड आणि मँगम माउंड. माउंड म्हणजे मूळ रहिवाशांचं दफनस्थळ. फलक वाचा, वर चढू नका.

४१.५ वर ‘संकन ट्रेस’. जुनी पायवाट इथे खोल घळीत गेलीय, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच मातीच्या भिंती. फेरी छोटी आहे, पण उतार आहे आणि ओली असली की साबण लावल्यासारखी घसरते. वरच्या काठावरून पाहिलं तरी बरंचसं दिसतं.

तिथून पोर्ट गिब्सन जवळच. जेवण आणि पेट्रोल तिथे, मग ६१ ने नॅचेझ. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

चुनाविटा:
प्रश्न २ वर लिहितो, कारण विंडसरला लोक खरंच फोटो काढून निघून जातात.

घर १८५९ ते १८६१ मध्ये बांधलं, मालक स्मिथ कॉफी डॅनियल दुसरा. खर्च त्या काळचे सुमारे १,७५,००० डॉलर. घर पूर्ण झाल्यावर काही आठवड्यांतच, ३४ व्या वर्षी तो गेला. १७ फेब्रुवारी १८९० ला घर जळालं. एका पाहुण्याची सिगार कारण ठरली असं सांगतात. आगीनंतर उरले खांब, काही लोखंडी कठडे आणि लोखंडी जिने. मूळ खांब २९, आज पूर्ण उभे २३.

पाहायचं काय, तर खांब कशाचा आहे ते. लांबून संगमरवरी वाटतो, पण आत नुसती वीट आहे, वर चुन्याचा गिलावा, आणि गिलाव्यात उभ्या खाचा काढून ग्रीक देवळाचा आव आणलाय. गिलावा जिथे सुटलाय तिथे विटांचे थर उघडे पडलेत, तिथे नजर लावा. या विटा जागेवरच, समोरच्या बाजूला भट्टी लावून, गुलामांनी पाडल्या आणि भाजल्या. डोक्यावरचं पानाफुलांचं कोरिंथियन शीर्ष मात्र ओतीव लोखंडाचं आहे. सेंट लुईसला ओतून मिसिसिपी नदीने आणलं. म्हणजे एकाच खांबात वीट, चुना आणि लोखंड. बिघाडाचं मूळही तिथेच.

या खांबांचं काम छप्पर तोलायचं होतं आणि छपरामुळेच ते कोरडे राहत होते. छप्पर गेलं, खांबांची डोकी उघडी पडली. पाऊस वरून थेट विटांच्या गाभ्यात उतरतो. लोखंडी शीर्ष गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि शेजारची वीट फोडतो. भेगेत माती साचते, मातीत बी रुजतं, मुळं सांधे उकलतात. अशा जुन्या, कमी भाजलेल्या विटेत कोणी घाईने सिमेंटने सांधे भरले तर दुखणं वाढतं: सिमेंट विटेपेक्षा कडक, पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ते विटेतूनच वाट काढतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. अशा कामाला चुन्याचाच मसाला लागतो. एखादी वीट आत खचलेली आणि भोवतीचा सांधा चौकटीसारखा पुढे आलेला दिसला, तर तिथे पूर्वी चुकीची डागडुजी झाली असं बिनधास्त समजा. हे विंडसरलाच नाही, या भागातल्या कुठल्याही जुन्या विटेच्या इमारतीला लागू आहे. दुसऱ्या दिवशी पोर्ट गिब्सनमध्ये फिरताना ताडून बघा.

जागा १९७४ पासून मिसिसिपीच्या अभिलेखागार आणि इतिहास खात्याकडे आहे. अलीकडे खांब मजबूत करण्याचं मोठं काम झालं. कुंपण किंवा दोरी असेल तिथे बाहेरूनच पाहा. खांबाला हात लावू नका, सुटा विटेचा तुकडा उचलू नका. प्रवेश फुकट, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. जमीन सपाट, गवताची, तुमच्या आई-बाबांना सगळ्यात सोपी जागा हीच. पाण्याची, शौचालयाची सोय धरून चालू नका.

फोटोचा हिशोब: चौथऱ्यासकट उंची ५५ फूट धरा. कॅमेरा वर वाकवला की खांब आत कललेले येतात. तो समतल आणि उभा धरायचा असेल तर २४ मिमी भिंगाने (फोनचा मुख्य कॅमेरा साधारण तेवढाच असतो) किमान ६७ फूट मागे जावं लागतं, ३५ मिमीने जवळपास १०० फूट. चित्राचा खालचा अर्धा भाग गवताने भरेल, तो नंतर कापा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाडांना पालवी पूर्ण आलेली नसते, त्यामुळे मागचे खांबही सुटे दिसतात. जूनमध्ये तिथे हिरवी भिंत असते.

एक गंमत. घर उभं असतानाचा एकही फोटो सापडलेला नाही. घर कसं दिसायचं ते कळलं एका चित्रावरून. १८६३ च्या मे महिन्यात ओहायोच्या २० व्या पलटणीतल्या हेन्री ओटिस ड्वाइट या उत्तरेच्या सैनिकाने ते काढलं होतं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ओहायोत सापडलं. त्याआधी जी ‘कल्पनाचित्रं’ छापली जात त्यांत घुमटी वेगळी असायची.

मैलाचा_दगड:
जिन्यांचं सांगायचं राहिलं का तुमचं? एक जिना अजून वापरात आहे.

चुनाविटा:
हो, ते बरं काढलंत. विंडसरचा एक लोखंडी जिना अल्कॉर्न स्टेट विद्यापीठातल्या ओकलंड चॅपलच्या दर्शनी भागाला बसवलाय. चॅपल साधारण १८३८ चं, ग्रीक पुनरुज्जीवन शैलीचं, १९७६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू. विंडसर पाहून लगेच तिकडे गेलात तर जिना कुठल्या उंचीला, कुठल्या आकाराच्या घराला लावलेला असेल याचा अंदाज येतो. ओतीव कठड्याची नक्षी जवळून पाहा. ओतकामाची जोडरेष नक्षीच्या मागच्या बाजूला लपवलेली असते.

जागेचा इतिहासही उलटापालटा आहे. ओकलंड कॉलेज १८३० चं, गोऱ्या मळेवाल्यांच्या मुलांसाठी. युद्धात बंद पडलं. राज्याने जागा घेतली आणि १८७१ मध्ये तिथे कृष्णवर्णीयांसाठी अल्कॉर्न सुरू झालं. पहिले अध्यक्ष हायरम रेव्हल्स, जे त्याआधी अमेरिकी सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य होते. नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स १९५२ मध्ये इथूनच पदवीधर झाले. कॅम्पस चालू आहे, तेव्हा गेटवर ‘चॅपल पाहायचंय’ एवढं सांगा.

कापूसकोंडा:
प्रश्न ३ आणि ४ माझ्याकडे.

या काउंटीतलं अर्ध कोडं मातीने सुटतं. नदीकाठच्या टेकड्या लोएसच्या आहेत, म्हणजे हिमयुगाच्या शेवटी वाऱ्याने उडवून आणलेली बारीक गाळमाती. तिचा स्वभाव विचित्र आहे. सरळ उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते, तिरका उतार दिला तर पावसात वाहून जाते. म्हणून इथले जुने रस्ते घळीत गेलेले, कडा ताठ. चाकांनी आणि खुरांनी माती मोकळी केली, पावसाने ती नेली, रस्ता दरवर्षी थोडा खाली उतरला. रॉकी स्प्रिंग्जची शेतं गेली तीही हिच्यामुळेच. यादवी युद्धात, १ मे १८६३ च्या पोर्ट गिब्सनच्या लढाईत दक्षिणेच्या थोड्या सैन्याने उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या मोठ्या फौजेला दिवसभर अडवलं, त्यातही या घळींचा आणि वेतांच्या जाळ्यांचा वाटा मोठा.

आता सेडानचं. डांबरी ५५२ आणि रॉडनी रोडचा डांबरी भाग बिनधास्त. त्यावरच अल्कॉर्न, बेथेल चर्च आणि विंडसर येतात. शेफर हाउसकडे जाणारा रस्ता खडीचा, अरुंद, एका गाडीचा. समोरून कोणी आलं तर कोणीतरी मागे घ्यायचं. कोरडा असेल तर सेडान जाते. आदल्या ४८ तासांत चांगला पाऊस झाला असेल तर जाऊ नका: खडीखालचा लोएस भिजला की चाक रुततं, आणि कडेला मऊ मातीचा चर असतो. गेलातच तर काय दिसेल? साधं लाकडी घर. १ मेच्या मध्यरात्रीनंतर लढाईच्या पहिल्या गोळ्या याच अंगणात झडल्या. घर बहुतेक बंद असतं, बाहेरून पाहायचं. ज्यांना लढाईत रस नाही त्यांनी वगळलं तरी चालेल.

ग्रँटचं सैन्य नदी ओलांडून उतरलं ते ब्रुइन्सबर्ग. नकाशावर नाव दिसेल, पण जमीन खाजगी आहे. शिरू नका. इथे ‘खाजगी’ची पाटी नसली तरी झाडांच्या बुंध्यांवर जांभळ्या किंवा पिवळ्या रंगाचे पट्टे दिसले की ती हद्द समजून मागे फिरावं.

रॉडनी. आधी एक: ते क्लेबोर्नमध्ये नाही, शेजारच्या जेफरसन काउंटीत आहे. एके काळी मिसिसिपीवरचं भरभराटीचं बंदर. १८७० च्या सुमारास नदीने पात्र बदललं, दोनेक मैल पश्चिमेला गेली आणि गाव कोरडं पडलं. प्रेस्बिटेरियन चर्च १८३२ चं, लाल विटेचं, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंतीचं. समोरच्या भिंतीत तोफगोळा अडकलेला दिसतो, ती प्रतिकृती आहे, पण घटना खरी: सप्टेंबर १८६३ मध्ये उत्तरेच्या ‘रॅटलर’ या युद्धनौकेवरचे खलाशी प्रार्थनेला आले आणि चर्चमध्येच पकडले गेले. मग नौकेने गावावर गोळे टाकले. शेवटचे काही मैल रस्ता खराब, वसंतात पुराचं पाणी गावाच्या खालच्या भागात येतं, मोबाईल चालत नाही. दोन ज्येष्ठ आणि सेडान घेऊन मार्चमध्ये? मी असतो तर गेलो नसतो.

त्याऐवजी ग्रँड गल्फ. रॉडनीचंच सेक्रेड हार्ट चर्च, १८६८ चं लाकडी, १९८३ मध्ये उचलून तिथल्या उद्यानात आणून बसवलंय. रॉडनीची हौस तिथे भागेल, तीही डांबरी रस्त्यावर.

झिपरी:
ग्रँड गल्फबद्दल भर. पोर्ट गिब्सनपासून वायव्येला सात-आठ मैल. राज्याचं उद्यान, थोडं प्रवेशशुल्क, संग्रहालय, शौचालय, निरीक्षण मनोरा. मनोऱ्याच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, आई-बाबांना खाली चर्च दाखवा.

गाव गेलं ते आधी नदीमुळे. १८५५ ते १८६० दरम्यान नदीने गावातले घरांचे ५५ गट (सिटी ब्लॉक) गिळले, उरलेलं युद्धात जळलं. २९ एप्रिल १८६३ ला उत्तरेच्या सात लोखंडी कवचाच्या युद्धनौकांनी इथल्या दक्षिणेच्या दोन किल्ल्यांवर पाच तासांहून जास्त मारा केला. फोर्ट वेड गप्प झाला, फोर्ट कोबन झाला नाही. कोबन पाण्यापासून ४० फूट उंच कड्यावर, मातीचा बांध जवळपास ४० फूट जाड. गोळे मातीत रुतून बसले. म्हणूनच ग्रँट दुसऱ्या दिवशी खाली ब्रुइन्सबर्गला उतरला. आज पाहिलं तर कोबन म्हणजे गवताने झाकलेला उंचवटा. फलक आधी वाचा, नाहीतर ‘हा किल्ला?’ म्हणत परत याल. झाडांवरून दिसणारा अजस्र पांढरा मनोरा अणुवीज केंद्राचा शीतकरण मनोरा आहे. १९८५ पासून चालू. तिकडे जाण्यात हशील नाही.

पोर्ट गिब्सनला मात्र वरच्या सगळ्यांनी अन्याय केलाय. तिथे पायी दोन तास हवेत. हायवे ६१ गावात शिरला की चर्च स्ट्रीट होतो आणि एका ओळीत चर्चं लागतात. प्रेस्बिटेरियन चर्चच्या मनोऱ्यावर क्रूस नाही, आकाशाकडे बोट दाखवणारा सोनेरी हात आहे. पहिला हात लाकडी होता, कोरला डॅनियल फोली या स्थानिक कारागिराने. तो हवामानाने कुजला, आताचा धातूचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेला. हात पाहून लोक निघतात, आत ‘रॉबर्ट ई. ली’ या आगबोटीवरची झुंबरं आहेत. चर्च उघडं असेल तर विचारून आत जा. रविवारी सकाळी फक्त प्रार्थनेसाठी.

त्याच रस्त्यावर गेमिलुथ चेसेद हे सिनेगॉग, १८९१-९२ चं, घोड्याच्या नालासारखी कमान आणि रशियन धाटणीचा घुमट. राज्यात उभं असलेलं सर्वांत जुनं. ज्यू कुटुंबं कमी होत गेली, १९८६ मध्ये इथली प्रार्थनामंडळी बंद झाली, वास्तू खाजगी मालकांनी विकत घेऊन वाचवली. बाहेरूनच पाहायचं.

‘जाळायला फार सुंदर’ असं ग्रँट म्हणाला ही पाटी गावाच्या वेशीवर भेटेल. आख्यायिका म्हणून वाचा.

जी पाटी लोक वाचत नाहीत ती सांगते. न्यायालयाभोवतीचा आणि मार्केट स्ट्रीटचा दुकानांचा पट्टा नीट पाहा. १ एप्रिल १९६६ ला इथल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेकडो कृष्णवर्णीय रहिवाशांनी गोऱ्या व्यापाऱ्यांवर बहिष्कार टाकायचं ठरवलं. मागण्या साध्या होत्या: शाळा आणि बसथांबे एकत्र करा, ज्युरीत घ्या, दुकानात फक्त झाडूकामावर नको, आणि नावापुढे ‘मिस्टर-मिसेस’ लावा. व्यापाऱ्यांनी १९६९ मध्ये दावा लावला, राज्याच्या न्यायालयाने १२,५०,६९९ डॉलर भरपाई ठोठावली. २ जुलै १९८२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: शांततामय बहिष्काराला राज्यघटनेचं संरक्षण आहे. खटल्याच्या नावातच काउंटीचं नाव आहे, म्हणून कायद्याच्या पुस्तकांत क्लेबोर्न खांबांमुळे नाही, ‘क्लेबोर्न हार्डवेअर’ या दुकानामुळे येतं.

आणि निळी पाटी शोधा. राज्याच्या सर्वसाधारण इतिहासफलकावर वर मॅग्नोलियाचं फूल असतं, रंग हिरवा. ब्लूज संगीताच्या इतिहासाचे, ‘ब्लूज ट्रेल’चे फलक निळे, मागच्या बाजूला फोटो आणि बारीक मजकूर. पोर्ट गिब्सनची निळी पाटी ‘रॅबिट्स फूट’ कंपनीची आहे. १९१८ पासून १९५० पर्यंत या तंबूनाट्य मंडळीचं बिऱ्हाड इथे होतं. मा रेनी, बेसी स्मिथ, रुफस थॉमस यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. फलकाची मागची बाजू वाचायला विसरू नका, अर्धे लोक समोरूनच परततात.

रानवाट:
खूपच कामाचं. रॉडनी रद्द. दुसरा दिवस असा धरतोय: नॅचेझहून ६१, लॉर्मनजवळून ५५२ ने अल्कॉर्न, मग विंडसर, दुपारी पोर्ट गिब्सन, शेवटी ग्रँड गल्फ, परत ६१. शेफर पावसावर अवलंबून. शनिवारी जावं की सोमवारी? आणि मार्चमध्ये साप, किडे?

कापूसकोंडा:
क्रम बरोबर आहे. फक्त ग्रँड गल्फ आधी आणि पोर्ट गिब्सन नंतर घ्या. उद्यान संध्याकाळी बंद होतं, चर्च स्ट्रीट होत नाही. बंद-उघड्याचे वार आदल्या दिवशी फोन करून विचारा. गावातली जेवणाची ठिकाणं रविवार-सोमवारी बंद असण्याची शक्यता जास्त, म्हणून शनिवार.

साप मार्चमध्ये उन्हाला बाहेर येऊ लागतात. पडकी जोती आणि पालापाचोळा यांत हात घालू नका, एवढं पाळलं तर पुरतं. गोचीड मात्र असते: पायमोजे पॅन्टवर ओढा, रात्री गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. तीन-तीन पानांचा वेल झाडावर चढलेला दिसला तर तो पॉयझन आयव्ही. मार्चमध्ये पानं नसतील तेव्हा बुंध्यावर केसाळ दोरखंडासारखा दिसतो, आणि तसाही अंगावर उठतोच.

गाडीतून जाताना एक गोष्ट आई-बाबांना शोधायला द्या. रानात, आजूबाजूला घर नसताना, पिवळ्या डॅफोडिलची सरळ ओळ किंवा समोरासमोर उभी दोन जुनी सीडरची झाडं दिसली तर तिथे घर होतं. डॅफोडिलचे कांदे कोणीतरी पायवाटेच्या कडेने लावलेले असतात आणि घर गेल्यावरही शंभर वर्षं फुलत राहतात. या भागात ती फेब्रुवारीपासून फुलतात, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शेवटची मिळायला हरकत नाही. रस्त्यावरूनच पाहा, बहुतेक ठिकाणी जमीन खाजगी आहे.

चुनाविटा:
विंडसरला सकाळी पोहोचा, दहाच्या आत. शनिवारी दुपारी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची रांग लागते आणि प्रत्येक खांबाला कोणीतरी टेकलेलं असतं.